दुर्घटनेच्या दिवशीचं मराठी न्यूज चॅनेल: ५ पैकी २ स्टार

आमच्या डीटीएचच्या पॅकमध्ये मराठी न्यूज चॅनेल आहेत, त्यातलं एक घरी चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालूच असतं. नाव लिहीत नाही, कारण मोठं काही झालं की सगळी सारखीच दिसतात, रिमोट दाबून बघा.

हा रिव्ह्यू मुख्यतः १२ जून २०२५ चा. दुपारी अहमदाबादला लंडनचं विमान पडलं तेव्हा मी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, गोळी द्यायला हॉलमध्ये आले, उभ्याउभ्याच बघायला लागले, मग खुर्चीच्या हातावर टेकले, मग बसलेच, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलं नाही. माहिती म्हणाल तर दहा मिनिटांची. टेकऑफ झाल्या झाल्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर कोसळलं, आत २४२ जण. नंतर एकच वाचला हे कळलं तेवढंच काय ते नवीन. बाकी संध्याकाळपर्यंत तोच मोबाईलवरचा व्हिडिओ, आधी नुसता, मग लाल गोल काढून, मग बाण लावून, मग स्लो मोशनमध्ये आणि खाली ते धाडधाड म्युझिक. अण्णा म्हणाले, "अगं, हे विमान आज पन्नास वेळा पडलं."

स्टुडिओतल्या लोकांना कारण त्याच दिवशी कळलं होतं, पक्षी, फ्लॅप, इंजिन, ज्याला जे सुचेल ते. महिन्याने प्राथमिक अहवाल आला त्यात इंधनाचे स्विच बंदच्या जागी गेल्याचं निघालं, आणि का गेले ते त्यातही नाही. असो.

दोन स्टार का दिले, तर इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाच्या बातम्यांसाठी. जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या त्या डोंगरावर रिपोर्टर पावसात पायी चढून गेले होते, म्हणून घरबसल्या कळलं की वर रस्ताच नाही, मोठी मशीन जात नाहीत, लोक फावड्या-कुदळींनी माती उपसतायत. याला बातमी म्हणतात. पण चार दिवसांनी शोध थांबला, २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच, तोवर आमच्या टीव्हीवर दुसराच गोंधळ सुरू झाला होता. आणि मीही शोधून बघितलं नाही, खोटं कशाला बोलू.

२६/११ ला कमांडोंची हालचाल लाईव्ह दाखवली म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या निकालात चॅनेल्सना चांगलंच सुनावलं, पुढे अतिरेक्यांविरुद्धची कारवाई लाईव्ह दाखवायची नाही असा नियम पण आला. पण घरातलं माणूस गेलेल्या बाईसमोर माईक धरून "आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" हे काही थांबत नाही. अशा वेळी मी चिडून चॅनेल बदलते, तिकडे दुसरा माईक तयारच. टीआरपी मोजायचा मीटर आमच्या घरी नाहीये, त्यामुळे माझ्या चिडण्याची नोंद कुठे होत नाही, बघत बसण्याची पण होत नाही म्हणा.

एक फीचर मात्र मस्त आहे, म्यूटचं बटण. म्युझिक गेलं की बातमी चार ओळींची उरते. आता आम्ही आवाज बंद करून खालची पट्टी वाचतो. अण्णांना ती चष्मा लावूनही नीट दिसत नाही म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवते, आणि वाचता वाचता परत खुर्चीच्या हातावर टेकते.