क्रोशे ब्लँकेट किट : लोकर झकास, हिशोब कच्चा

५ पैकी अडीच स्टार देतेय, आणि ते अडीचही लोकरीचे. किट ऑनलाइन मागवलं होतं, १,८५० रुपयांना. विकणाऱ्याचं नाव घेत नाही कारण मला भांडायचं नाहीये, पण असली ग्रॅनी स्क्वेअर ब्लँकेटची किट्स आता बरेच जण विकतात, तर घेण्याआधी काय बघायचं तेवढं कळलं तरी पुरे.

ग्रॅनी स्क्वेअर म्हणजे मधून सुरू करून फेऱ्या वाढवत नेलेला चौकोन, तीन-तीन खांबांचे (हुकावर धाग्याचा वेढा घेऊन घातलेला उभा टाका तो खांब) गट आणि कोपऱ्यात साखळ्या. असे चौकोन जोडून केलेल्या पांघरुणाला अमेरिकेत अफगाण म्हणतात, आपण ब्लँकेट म्हणतो, आणि आमच्या आई (म्हणजे सासूबाई) त्याला लोकरीची गोधडी म्हणतात, मला त्यांचंच बरोबर वाटतं.

बॉक्समध्ये ५० ग्रॅमचे २० गुंडे, म्हणजे १ किलो अ‍ॅक्रिलिक लोकर. आठ रंगांचे दोन-दोन आणि क्रीमचे चार. शिवाय ४ मिमीचा हुक आणि चार पानांचं पत्रक. लोकर खरंच छान आहे, मऊ आहे, टोचत नाही, एकच चौकोन तीनदा उसवला तरी तार पिंजली नाही. तयार चौकोन जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये धुऊन बघितला, रंग गेला नाही, गोळेही आले नाहीत. फक्त इस्त्री लावू नका, अ‍ॅक्रिलिक वितळतं. हुक मात्र प्लास्टिकचा, दहाव्या चौकोनाला वाकला, मग आईंच्या डब्यातला स्टीलचा काढला.

आता पत्रक. त्यात सगळीकडे ट्रेबल क्रोशे लिहिलंय. मी व्हिडिओ लावून ट्रेबल शिकले, दोन वेढे घेऊन करतात तो, आणि सहा चौकोन करून मोकळी झाले. चौकोन ५ इंचाचा व्हायला हवा तर हे आले साडेसातचे, भोकं एवढी की बोट आरपार जाईल. आईंनी उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अगं हा एवढा लांब खांब कशाला घातलास, साधा खांब घालायचा की." मग डोक्यात प्रकाश पडला, पत्रक ब्रिटिश पद्धतीचं आणि व्हिडिओ अमेरिकन. ब्रिटिशांचा ट्रेबल म्हणजे अमेरिकनांचा डबल म्हणजे आपला साधा एका वेढ्याचा खांब. ही एक ओळ पत्रकात टाकायला काय जात होतं?? आईंनी आयुष्यभर दोऱ्याची तोरणं, रुखवतातले रुमाल केले, त्यांना साखळी, खांब, मुका खांब (वेढा न घेता घालतात तो बुटका) एवढ्यावर सगळं कळतं आणि त्यात घोळ होत नाही.

पण खरा राग हिशोबाचा. डिझाइनप्रमाणे ८ बाय १० असे ८० चौकोन, प्रत्येकात ५ फेऱ्या, बाहेरची फेरी सगळ्यांना क्रीमची, जोडायला क्रीम आणि बॉर्डरही क्रीमची. पहिल्या फेरीत खांबांचे ४ गट, मग ८, १२, १६, शेवटच्या फेरीत २०. एकूण ६० गट, त्यातले २० एकट्या शेवटच्या फेरीत. म्हणजे चौकोनातली तिसरा हिस्सा लोकर बाहेरची फेरीच खाते! मी किचनच्या काट्यावर चौकोन ठेवून बघितला, साधारण १० ग्रॅम. ८० चौकोनांचे ८०० ग्रॅम, त्यातलं क्रीम २६५ च्या वर, जोडणी आणि बॉर्डर वेगळी. आणि यांनी दिलंय किती, २०० ग्रॅम. साठाव्या चौकोनाच्या आसपास क्रीम संपलं आणि बाकी रंगांचे पाच गुंडे अजून पडून आहेत. हे किट बनवणाऱ्यांपैकी एकानेही ते ब्लँकेट पूर्ण विणून बघितलेलं नाही, मी लिहून देते.

त्यांच्याकडूनच क्रीमचे आणखी दोन गुंडे मागवले तर लेबलवर लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीला देतात तो) वेगळा आणि रंग पिवळट. चॅटवर उत्तर काय, तर स्क्रीनवर रंग वेगळा दिसू शकतो मॅडम. अहो स्क्रीनवर नाही, माझ्या मांडीवर वेगळा दिसतोय! शेवटी एक चौकोन पर्समध्ये टाकून रविवार पेठेत गेले, दुकानातल्या काकांनी तो दारात उजेडात धरला, चार गुंडे बाजूला लावून बघितले आणि सरळ सांगितलं, हुबेहूब मिळणार नाही, त्यापेक्षा जोडायला वेगळाच रंग घ्या म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटेल. मग उरलेल्या चौकोनांची बाहेरची फेरी तिथल्या जवळच्या क्रीमने केली, ते मध्येमध्ये विखरून ठेवले आणि जोडणी-बॉर्डर मोरपंखी. किटवरच्या फोटोपेक्षा बरं दिसतंय.

शेपट्यांबद्दल पत्रकात एकच ओळ, टोकं लपवून घ्या. पाच रंग म्हणजे एका चौकोनाला दहा टोकं, ८० चौकोनांना ८००! आणि ती ओवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई दिलेलीच नाही. टोकं शेवटाला ठेवू नका, रंग बदलला की पुढच्या फेरीच्या खांबातच दाबून घेत चला, मला हे तिसाव्या चौकोनाला सुचलं. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ ला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स ग्रुपने ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केला होता, तेव्हा रंगांचं कौतुक वाटलेलं, आता वाटतं बायांनो टोकं किती दिवस लपवत होतात.

जोडणी पत्रकात सुईने शिवून दाखवलीय, त्याने मध्ये कड उभी राहते आणि पांघरताना लागते. मी चौकोन उलटे धरून फक्त मागच्या धाग्यांतून मुक्या खांबाने जोडले, आधी सगळ्या आडव्या ओळी आणि मग उभ्या, म्हणजे चार कोपरे भेटतात तिथे भोक राहत नाही. बॉर्डर धरून साधारण ४२ बाय ५२ इंच झालं, सोफ्यावर एका माणसाला पुरतं, डबल बेडचं स्वप्न बघू नका.

असलं किट घ्यायचंच असेल तर बाहेरच्या फेरीचा रंग किती ग्रॅम आहे ते आधी विचारा, आणि सगळ्या गुंड्यांचे लॉट नंबर आल्याआल्या बघून घ्या. काल त्यांचा मेसेज आला, पुढच्या किटवर दहा टक्के सूट. आईंना दाखवला तर म्हणाल्या, उरलेल्या पाच गुंड्यांचं आधी काय करतेस ते सांग.