पुन्हा लिहायला घेणाऱ्यांसाठी गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग कितपत कामाचं?

कॉलेजात कथा-कविता लिहिल्या, मग नोकरी, लग्न, मुलं यांत वही कपाटात गेली, अशी माणसं घरोघरी आहेत. लहान मुलांच्या घरात डोकं मोकळं असतं तेव्हाही हात अडकलेले असतात. भाजी निवडायची असते, कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात. सुचलेलं वाक्य रात्री सगळं आवरेपर्यंत टिकत नाही. ही अडचण गूगलचं व्हॉइस टायपिंग, म्हणजे आपण बोलू ते टाइप करून देणारी सोय, खरोखर सोडवतं. मराठीसाठी ते 2017 साली आलं आणि मोफत आहे. कच्च्या खर्ड्यासाठी ते जरूर वापरावं. पक्की प्रत मात्र त्याच्या भरवशावर कधीच करू नये.

फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड लागतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'लँग्वेजेस'खाली 'ॲड कीबोर्ड' करून मराठी निवडा. देवनागरी आणि 'एबीसी' (रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा) हे दोन्ही लेआउट घेऊन ठेवा, दुरुस्तीला दोन्ही लागतात. लिहायचं ते गूगल डॉक्समध्ये लिहा, व्हॉट्सॲपमध्ये नको. डॉक्समध्ये मजकूर आपोआप सेव्ह होतो आणि 'व्हर्जन हिस्टरी'तून जुना खर्डा परत काढता येतो. मांडीवरच्या मुलाचा हात स्क्रीनवर पडून परिच्छेद उडतो, तेव्हा याचं मोल कळतं. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये डॉक्स उघडून 'टूल्स'मधलं 'व्हॉइस टायपिंग' घ्या (कंट्रोल-शिफ्ट-एस) आणि माइकच्या वरच्या यादीतून मराठी निवडा.

सुरुवातीलाच माणसं एका ठिकाणी अडतात. जीबोर्डचा माइक त्या क्षणी कीबोर्डची जी भाषा चालू असेल, त्या भाषेत ऐकतो. स्पेसबारवर 'इंग्लिश' दिसत असताना मराठी बोललं, तर भलतेसलते इंग्रजी शब्द उमटतात आणि 'याला मराठी येत नाही' असा समज होतो. स्पेसबार दाबून धरून भाषा बदला, मग बोला.

घरातला आवाज ही दुसरी डोकेदुखी. मिक्सर किंवा नळ चालू असेल तर शब्द गळतात, टीव्हीवरची वाक्यं तुमच्या मजकुरात घुसतात. माइक असलेला साधा इयरफोन लावला तर बराच फरक पडतो. थोडा वेळ गप्प राहिलात की माइक बंद होतो, त्यामुळे वाक्य मनात जुळवून मगच बोलायची सवय लावावी लागते. कथाकाराला ही सवय पुढे उपयोगीच पडते.

विरामचिन्हांसाठी यावर विसंबू नका. त्यावर एक तोडगा चालतो. तुमच्या कथेत कधीच येणार नाही असा ठसठशीत शब्द ठरवा, समजा 'शंकरपाळी', आणि प्रत्येक वाक्य संपलं की तो उच्चारा. शेवटी डॉक्समध्ये कंट्रोल-एच करून, आधीच्या मोकळ्या जागेसकट, सगळीकडे त्याच्या जागी पूर्णविराम घाला. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं हातानेच.

शुद्धलेखनाचं काय? तुम्ही बोलता, 'आत्या म्हणाली की फूल आत ठेव, केलं का?' आणि समोर येऊ शकतं, 'आत्या म्हणाली कि फुल आत ठेव केले का'. 'कि' ही हिंदीची सवय. 'फूल' दीर्घ हवं, 'फुलाला' मात्र ऱ्हस्व. 'केलं'चं 'केले' झालं की घरातल्या माणसांचा संवाद एकदम सरकारी पत्रासारखा वाटू लागतो. म्हणून दुरुस्तीला वेगळी बैठक हवी आणि ती बोलण्याच्या बैठकीत मिसळू नये. बोलताना चूक दिसली तरी थांबू नका. थांबलात की कथेचा ओघ तुटतो, आणि इतक्या वर्षांनी परत आलेला ओघच सगळ्यात जपायचा असतो.

दुरुस्तीसाठी संगणकावर इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड शिकून घ्यावा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो मिळतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक बोलून टाइप करताना आणि रोमन अक्षरांतून टाइप करताना हमखास निसटतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ (/) दाबली की 'ऱ्य' मिळतो. 'ळ' शिफ्ट-एनवर आहे, 'ण' शिफ्ट-सीवर. पहिले काही दिवस बोटं अडखळतात, पण एकदा जागा बसल्या की शब्द सूचनांच्या यादीतून शोधत बसावं लागत नाही.

आमची खरी तक्रार बोलींबद्दल आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोललात की हे यंत्र शब्दाला ओढून प्रमाण मराठीत बसवू बघतं, नाहीतर भलतंच काही लिहितं. ज्यांचं बळ आजीच्या बोलीतल्या संवादांत आहे, त्यांचं यात नुकसान होतं. अशांनी निवेदन बोलून घ्यावं आणि संवादांच्या जागी फक्त खूण ठेवावी, 'इथे आजी रागावते' एवढीच. संवाद नंतर वहीत हाताने लिहून मग टाइप करावेत. वेळ जास्त जातो, पण आजी आजीसारखी बोलते.

दिवाळी अंकाला कथा पाठवायची असेल तर एक सोय आयतीच होते. डॉक्समधला मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत असतो. 'डाउनलोड'मधून वर्डची फाइल काढून थेट मेलला जोडता येते, डीटीपीवाल्याकडे खेप घालावी लागत नाही. पाठवण्याआधी मात्र कागदावर छापून, मोठ्याने वाचून एकदा तपासा. बोलून लिहिलेल्या मजकुरात 'मग', 'आणि', 'तर' फार साचतात. त्यातले निम्मे बिनधास्त उडवा.