चाकाचे नट: एल पाना, क्रॉस पाना, लांब होणारा पाना की टॉर्क रेंच?

गाडीसोबत जॅकच्या शेजारी एल आकाराचा पाना मिळतो. तो पुरेसा आहे की दुसरा घ्यावा, हे ठरवण्याआधी एक फरक पक्का करा: नट सोडवणं आणि नट आवळणं ही दोन वेगळी कामं आहेत. सोडवायला मिळेल तितका जोर हवा, आवळायला मात्र मोजून.

हिशेब सोपा आहे. टॉर्क म्हणजे जोर गुणिले नटाच्या मध्यापासून हातापर्यंतचं अंतर. बहुतेक छोट्या गाड्यांचे नट १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. एल पान्याची दांडी २५ सेंटीमीटर असेल, तर टोकाला ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोचा भार द्यावा लागतो. हे जमतं. पण पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने वाट्टेल तसा आवळलेला किंवा किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंजलेला नट सहज दुप्पट जोर मागतो, आणि ८० किलो नुसत्या हाताने देता येत नाहीत. मग माणूस पान्यावर उभा राहतो.

इथेच एल पान्याचा खरा दोष उघडा पडतो. त्याची दांडी नटाच्या पातळीत नसते, काही सेंटीमीटर बाहेर असते. त्यामुळे एका बाजूने दाबलं की पाना फिरतो, तसा कलंडतोही. गोटी, म्हणजे नटावर बसणारं पान्याचं पोकळ तोंड, तिरकी होऊन नटाचे कोपरे कडेलाच धरते, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. तसा नट रस्त्यावर निघत नाही, गॅरेजच गाठावं लागतं. एल पानाच वापरायचा असेल, तर गोटी पूर्ण आत बसवा आणि एका हाताने पान्याचं वळण चाकाकडे दाबून धरा.

क्रॉस पाना अधिकच्या चिन्हासारखा असतो. त्यात एक हात खाली दाबतो, दुसरा वर ओढतो. दोन्ही जोर सारखे आणि उलट, त्यामुळे कलंडणं जवळपास संपतं. हातांमधलं अंतर ३५ सेंटीमीटर आणि प्रत्येक हाताचा जोर ३०० न्यूटन धरला, तर १०५ न्यूटन-मीटर मिळतात. नट सैल झाल्यावर पाना भराभर फिरवताही येतो. घेताना मधला जोड बघा. कच्चं वेल्डिंग असेल तर ऐन जोर लावताना तो सुटतो. अलॉय व्हीलची भोकं अरुंद असतील, तर जाड गोटी आत जाईल का, हे दुकानातच तपासा. डिकीत जागा जास्त लागते, हा किरकोळ तोटा.

लांब होणारा पाना ५० सेंटीमीटरपर्यंत ओढला की एल पान्याच्या निम्म्या जोरात काम होतं. जाम नटासाठी हाच उत्तम. पण त्यानेच आवळू नका. ६० किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला, तर ३०० न्यूटन-मीटर होतात. १२ मिलिमीटरचा कोरडा बोल्ट १०० न्यूटन-मीटरला चाकाला सुमारे ४ टनांनी दाबून धरत असतो. तिप्पट ताणला तर तो लांबतो, नाहीतर तुटतो. ब्रेकची डिस्कही वाकू शकते.

टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला आवाज करून सांगणारा पाना. तो सोडवण्यासाठी नाहीच. आकडा लावा, ठरलेल्या मुठीवर धरून सावकाश ओढा आणि 'टक्' वाजलं की थांबा. पुन्हा ओढलं तर जास्त आवळतं. दांडीला पाईप जोडला तर आकडा खोटा ठरतो. काम झाल्यावर मोजपट्टीच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही. आट्यांना तेल लावू नका: टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणात जातो, तेलाने घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट बराच जास्त ताणला जातो.

आमचा कौल: एकच घ्यायचा तर क्रॉस पाना. गावाकडे, घाटात एकट्याने गाडी नेत असाल, तर सोबत लांब होणारा. टॉर्क रेंच गाडीत वागवू नका, घरी ठेवा. गोटी १७, १९ की २१ मिलिमीटरची लागते, हे आजच स्वतःच्या चाकावर लावून बघा.

कोणताही पाना असो, गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. जॅकवर असताना जोर लावला तर गाडी घसरू शकते. सोडवताना दांडी तुमच्या डाव्या हाताला आडवी ठेवून खाली दाबा. ती आडवीपासून ६० अंश वळलेली असेल, तर खाली दाबलेला निम्मा जोर वाया जातो. चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, शेवटचा ताण गाडी खाली उतरवल्यावर द्या आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.