मागच्या दाराला वायरवाला सेन्सर जोडला, काही महिने वापरल्यावर कसा वाटला

घरात अलार्म आधीपासून होता, वायरवाला, पण मागचं दार उघडंच राहिलं होतं म्हणजे त्याला सेन्सर नव्हता. वायरलेस घ्यावा का वायरवाला यावर बराच खल केला आणि शेवटी वायरवाला साधा रीड स्विच घेतला. पॅनलपर्यंत, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यापर्यंत, केबल ओढायला जीव गेला हे खरं, पण एकदा बसला की त्यात सेल नाही, पेअरिंग नाही, स्विचचं काम फक्त एवढंच की दारावरचा लोहचुंबक जवळ असला तर सर्किट जोडलेलं, लांब गेला तर तुटलेलं.

नवीन दार जुन्या पुढच्या दाराच्याच झोनमध्ये (झोन म्हणजे पॅनलला येणारी सेन्सरची एक लाइन) सिरीजमध्ये, एकापाठोपाठ, जोडता येतं, चालतंही व्यवस्थित, केबलही कमी लागते. पण मी वेगळा झोन दिला आणि तेच बरं झालं. एकाच झोनमध्ये दोन दारं असली की अलार्म वाजल्यावर कीपॅड फक्त झोन सांगतो, रात्री दोन वाजता कुठल्या दाराकडे बघायचं ते आपणच शोधायचं. शिवाय पुढच्या दाराला आत येऊन कोड टाकायला थोडा वेळ दिलेला असतो, मागच्याला तो द्यायची गरजच नाही, उघडलं की लगेच बोंब.

आता रेझिस्टरचं. बऱ्याच पॅनलमध्ये लूपच्या, म्हणजे पॅनलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वायरींच्या, शेवटी एक रेझिस्टर लागतो, माझ्याकडे ५.६ किलोओहमचा, हिरवा निळा लाल पट्ट्यांचा. दुसऱ्या पॅनलला व्हॅल्यू वेगळी असू शकते, मॅन्युअल बघा. खूप जण तो पॅनलच्या डब्यातच लावून मोकळे होतात कारण तिथे सोपं पडतं. मग त्याचा उपयोग काय? दार बंद असताना पॅनलला ५.६ दिसतात, उघडलं की सर्किट तुटतं. रेझिस्टर सेन्सरपाशी असेल आणि मधे कोणी दोन्ही वायरी एकत्र केल्या तर पॅनलला जवळपास शून्य दिसतं आणि ते बोंबलतं. डब्यात असेल तर वायरी एकत्र केल्या तरी ५.६ च दिसणार, म्हणजे दार सताड उघडं आणि पॅनल म्हणतंय सगळं ठीक.

काम करताना पॅनलची मेन सप्लाय बंद केली आणि आतली बॅटरीही काढली, नुसता स्विच बंद करून भागत नाही कारण बॅटरीवर पॅनल चालूच राहतं. टर्मिनलला लावायच्या आधी वायरींच्या टोकांवर मल्टिमीटर धरला, दार बंद केल्यावर ५.६ च्या आसपास, उघडल्यावर काहीच नाही, मगच स्क्रू आवळले. केबल लाइटच्या वायरींपासून लांब घेतली, नाहीतर खोटे अलार्म यायची शक्यता असते.

आता इतके महिने वापरून काय दिसलं ते. सेन्सरने एकदाही दगा दिला नाही, दाराने दिला! लाकडी दार दमट हवेत फुगलं, बिजागरी थोडी खाली आली आणि चुंबक नि स्विचमधली फट वाढली, मग जोराचा वारा आला की दार हलायचं आणि सायरन. चुंबकाखाली पातळ पट्टी घालून तो पुढे घेतला, तेव्हापासून शांत. त्यामुळे बसवताना अगदी कडेच्या अंतरावर बसवू नका, पाकिटावर लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यात ठेवा. लोखंडी दार असेल तर अजून कमी धरा, लोखंड चुंबकाची ताकद खातं, त्यासाठी जास्त गॅपवाले वेगळे कॉन्टॅक्ट मिळतात तेच घ्या.

सगळ्यात जास्त वापर कशाचा होतोय म्हणाल तर चाइमचा, म्हणजे अलार्म बंद असतानाही दार उघडलं की कीपॅड टिंग करतो. घरात लहान मूल असेल तर एवढ्यासाठीसुद्धा लावा. भाड्याचं घर असेल, भिंतीला ड्रिल चालत नसेल तर मात्र वायरलेसच घ्या, सेल बदलायचं तेवढं लक्षात ठेवा.