खाऱ्या हवेत नऊ महिने: ८६५ मेगाहर्ट्झच्या लोरा मॉड्यूलचा अनुभव

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. पाण्याची टाकी मात्र वर सड्यावर, कलमांच्या बागेत. विहिरीवरचा पंप तिथे पाणी चढवतो आणि तिथून ते उताराने झाडांना जातं. सरळ रेषेत अंतर पावणेदोन किलोमीटर, पण पाखाडी चढून जायचं तर अर्धा तास. टाकी भरली का हे बघायला कोणी जायचं, यावरून घरात रोज वाद. सड्यावर मोबाईलला कधी एक दांडी, कधी तीही नाही, त्यामुळे सिमकार्डवाला कंट्रोलर दोन वर्षं सोसून शेवटी काढून टाकला. जानेवारीत लोरा मॉड्यूलची जोडी बसवली, एक टाकीवर, एक घरी. लोरा म्हणजे थोड्याशा विजेवर छोटे निरोप लांबवर पाठवणारा रेडिओ. आता ऑक्टोबर उजाडलाय.

अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. पत्र्याच्या टोपीखाली सेमटेक कंपनीची एसएक्स १२७६ ही रेडिओ चिप, तिची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, अँटेना कधी पाठवण्याकडे तर कधी ऐकण्याकडे जोडणारा स्विच आणि मूठभर कॉइल-कपॅसिटर. घेताना एक गोष्ट बघाच. बाजारात स्वस्त मिळतात ती बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्यूल, आणि त्यांत एसएक्स १२७८ असते. ती ५२५ मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही, मग प्रोग्राममध्ये कितीही आकडे बदला. आपल्याकडे २००५च्या नियमांनी ८६५ ते ८६७ हा पट्टा विनापरवाना खुला केला: १ वॉटपर्यंत ताकद आणि २०० किलोहर्ट्झपर्यंत रुंदी. म्हणजे लोराची १२५ किलोहर्ट्झची बँडविड्थ (सिग्नल व्यापतो ती रुंदी) बसते, २५०ची बसत नाही.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती ताणून, सावकाश पाठवायचा तो आकडा) ९, दर दहा मिनिटांनी एक छोटा निरोप, सिग्नल उणे १०४ डीबीएमच्या आसपास (उण्याचा आकडा वाढला की सिग्नल क्षीण). शेजारचे काका म्हणाले, "अरे, टाकी भरली की पाणी वाहतं, ते दिसतं की रे! त्याला एवढं यंत्र कशाला?" वाहिलेलं पाणी एप्रिलात किती महाग पडतं हे त्यांनाही ठाऊक आहे, पण बोलतात.

मग मलाच नसती बुद्धी सुचली. बँडविड्थ चौपट अरुंद केली तर ६ डीबीचा फायदा होतो, म्हणजे चौपट क्षीण सिग्नलही पकडता येतो, हे गणित बरोबर आहे. म्हणून मार्चअखेर ३१.२५ किलोहर्ट्झ ठेवून पाहिलं. सकाळी छान चाले. अकरा वाजले की निरोप बंद, चारनंतर परत सुरू. आधी पंपाच्या स्टार्टरवर संशय, मग बॅटरीवर, मग वानरांवर. चार दिवस असेच गेले. शेवटी चिप स्वतः फ्रिक्वेन्सीतला फरक मोजून देते तो छापून घेतला: पहाटे दोन किलोहर्ट्झ, भर दुपारी नऊ. मॉड्यूलचा डबा काळा, टाकीवर, खाली तापलेला जांभा. आतला साधा क्रिस्टल उन्हात सरकत होता. ८६६ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजेच ८६६ हर्ट्झ, आणि लोराला साधारण बँडविड्थच्या पाव हिश्श्यापर्यंतचाच फरक झेपतो. ३१.२५चा पाव म्हणजे पावणेआठ. गणित तिथेच संपलं. ६२.५च्या खाली जायचं तर टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी न सरकणारा क्रिस्टल, वापरा, असं सेमटेकच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं. परत १२५वर आलो, डब्याला पांढरा रंग दिला, आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

जूनमध्ये खरी परीक्षा. पावसाने सिग्नल पडतो असं सगळे म्हणतात, पण या फ्रिक्वेन्सीवर पावसाच्या थेंबांनी जवळजवळ काहीच बिघडत नाही. बिघडतं ते ओल्या पानांनी. मधली कलमं चिंब झाली की आकडा उणे ११६, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) उणे ८. फॅक्टर ९ची तळरेषा, जिच्याखाली निरोप वाचता येत नाही, उणे साडेबाराची, म्हणजे फार ओढाताण नाही, तरी मी १०वर गेलो. निरोपाला जवळपास दुप्पट वेळ लागतो, पण आपल्याला कुठे घाई आहे!

त्या बारा डीबीतले सगळे पानांचे नव्हते, हे जुलैत कळलं. अँटेनाचा एसएमए कनेक्टर (फिरवून बसवायचा छोटा जोड) उघडला तर आत हिरवा कळंक. सोन्याचा मुलामा म्हणून विकलेला कनेक्टर सहा महिन्यांत असा. डबाही जलरोधक म्हणून घेतलेला. बाहेरचं पाणी आत आलं नाही, पण आतली हवा घामेजून तेच पाणी सर्किटवर. (मुंग्याही होत्या, अंड्यांसकट.) आता डब्याच्या तळाला बारीक भोक आणि त्यावर जाळी. कनेक्टर काढूनच टाकला: साडेआठ सेंटिमीटरची तांब्याची तार थेट मॉड्यूलला सोल्डर, खाली तशाच चार तारा पसरलेल्या, वरून हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी), आणि सगळा डबा चिव्याच्या काठीवर कलमांच्या शेंड्याबरोबर. आणखी उंच न्यायची, वीज पडेल या भीतीने, छाती होत नाही. पाच डीबी कनेक्टर गेल्यावरच परत मिळाले.

बॅटरी सोलरवर चार्ज होणारी, लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३.२ व्होल्टची. चिप १.८ ते ३.७वर चालते, त्यामुळे मध्ये रेग्युलेटर नाही. बोर्डावरचा लाल दिवा मात्र उपटून टाका. चिप झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये असते आणि दिवा मिलिअँपिअर खात बसतो. जुलैत सलग ऊन नव्हतं, तरी बंद पडलं नाही.

आधी ऑनलाइन घेतलेली स्वस्त जोडी वेगळीच गोष्ट. टोपीवर ८६८चा शिक्का, पण सिग्नल घराच्या खळ्यापलीकडे जाईना. वर बहुतेक ४३३साठीचे मॅचिंगचे (चिप अँटेनाशी जुळवणारे) भाग लावलेले. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. त्यातलं एक मी स्वतः अँटेना न लावता पूर्ण ताकदीवर चालवलं होतं, आणि त्याने चिप बिघडू शकते, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला नाही.

खालच्या पोफळीच्या बागेसाठी आता सेमटेकच्याच नव्या चिपचं, एसएक्स १२६२चं, टीसीएक्सओवालं मॉड्यूल मागवलंय. ऐकताना ते निम्म्याहून कमी करंट घेतं, आणि व्हाळाकडे झाडांच्या सावलीत सोलरचा भरवसा नाही. दिवाळीनंतर बसवीन. कनेक्टरशिवायच.