प्रोबायोटिक खाद्यातलं घ्यावं का पाण्यातलं? आणि चिकनला त्याने काय फरक पडतो

प्रोबायोटिक म्हणजे कोंबड्यांच्या आतड्यासाठी दिले जाणारे चांगले जिवंत जंतू. जे कोंबडीपालक स्वतःचं खाद्य बनवतात आणि पक्षी सोलून स्वतःच विकतात त्यांच्यासाठी लिहितोय. कंपनीच्या करारावर असाल तर खाद्य कंपनीचंच असतं, तुमच्या हातात फक्त पाण्यातलं राहतं.

बॅसिलस (सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस) हा बीजाणू करून राहणारा जंतू, म्हणून पेलेट (खाद्य वाफवून, दाबून केलेल्या गोळ्या) करताना ८० डिग्रीच्या आसपास वाफ लागली तरी टिकतो आणि उन्हाळ्यात गोदामात पोतं पडून राहिलं तरी फारसं बिघडत नाही. लॅक्टोबॅसिलसचं तसं नाही, तो उष्णतेने मरतो, म्हणून पाण्यातून द्यायचा, पण टाकीत क्लोरीन असेल तर तिथेही मरतो, लासोटा (राणीखेतची लस) पाण्यातून देताना आपण क्लोरीन बंद ठेवतो ना, अगदी तसंच इथेही करावं लागतं. त्यात अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर पैसे पाण्यात. यीस्टला अँटिबायोटिकने काही होत नाही, पण जिवंत यीस्ट पेलेटच्या वाफेत टिकत नाही, मॅश (नुसतं भरडलेलं) खाद्य असेल तर ठीक.

माझं मत विचाराल तर बॅसिलस घ्या. पाण्यातलं पहिल्या आठवड्यात पिल्लांना द्यायला चांगलं, कारण तेव्हा आतडं रिकामं असतं आणि चांगले जंतू आधी बसले की साल्मोनेलाला (आजार करणाऱ्या जंतूला) जागा कमी मिळते.

आता चिकनचं. एफसीआर (एक किलो वजनासाठी लागणारं खाद्य) सुधारणं, लिटर (शेडमधला भुशाचा थर) कोरडं राहणं हे फायदे बऱ्याचदा दिसतात, पण मांस मऊ होतं, चव वाढते असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर पैसे लावू नका, चाचण्यांमधे कुठे पाणी कमी सुटलेलं दिसतं, कुठे काहीच फरक नाही. मांस खरं बिघडतं ते शेवटच्या दिवशी. भर उन्हात पकडले, क्रेटमधे कोंबले, तापलेला पक्षी तसाच कापला की मांस गरम असतानाच त्यातलं आम्ल झपाट्याने वाढतं, ते फिकट पडतं आणि पाणी सोडतं. रात्री पकडणं, कापायच्या आधी ८ ते १२ तास खाद्य बंद पण पाणी चालू, आणि सोलल्यावर लगेच थंड करणं, ह्याला खर्च कमी आणि फरक जास्त.

तरी घ्यायचंच असेल तर एकाच बॅचचं शेड मधोमध जाळी लावून वाटा, एका बाजूला द्या, ३५ व्या दिवशी वजनं करा, मग दोन्हीकडचे दहा-दहा पक्षी सोलून वजन करून रात्रभर फ्रिजमधे ठेवा आणि सकाळी परत वजन करा, म्हणजे कुठल्या बाजूच्या मांसातून पाणी जास्त सुटलं ते कळेल.