रोजच्या ये-जासाठी रायडिंग पँट: जीन्स, जाळीची पँट की नुसते नी गार्ड?

हेल्मेट घेताना माणूस आयएसआयचा शिक्का बघतो, पट्टा ओढून बघतो, चौघांना विचारतो. कमरेखाली मात्र ऑफिसची सुती पँट, तीही रस्त्याला घासली की क्षणात फाटणारी. गाडी घसरली की आधी टेकतो तो गुडघा आणि पाठोपाठ खुबा. रायडिंग पँट ही लडाखला जाणाऱ्यांची गोष्ट, असा आपल्याकडे समज आहे. तो मला अजिबात पटत नाही. लडाखला एखादा वर्षातून एकदा जातो, पण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला असलेला माणूस पुणे-बेंगळुरू महामार्गावर रोज दोनदा चढतो.

आधी आपल्या वेगाचा हिशेब करा. गंगावेशीतून राजारामपुरीला जाताना काटा चाळीसच्या वर फारसा जात नाही. तावडे हॉटेलच्या चौकातून महामार्गाला लागलं की तोच काटा सत्तर-ऐंशीवर जातो. वेग दुप्पट झाला की पडलेला माणूस रस्त्यावर घसरत जातो ते अंतर साधारण चौपट होतं. म्हणजे गावात मुख्य भीती मुक्या माराची, आणि महामार्गावर त्याच्या जोडीला कातडं सोलवटण्याची. ईएन 17092 या युरोपीय मानकात कपड्यांच्या प्रती अशाच ठरवल्या आहेत. गुडघा, खुबा अशा रस्त्याला सगळ्यात आधी लागणाऱ्या भागांचं कापड ‘ए’ प्रतीसाठी ताशी 45 किलोमीटरच्या घासणीत टिकावं लागतं, ‘एए’साठी 70 च्या आणि ‘एएए’साठी 120 च्या. गावातल्या गावात फिरणाऱ्याला ए पुरते. महामार्गावर रोज जाणाऱ्याने एए मिळत असेल तर थोडे पैसे जास्त घालावेत.

इथे दुकानात एक घोळ हमखास होतो. पँटीला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर ‘सीई’, म्हणजे युरोपीय मानकाची खूण, लिहिलेली असते आणि आपण धरून चालतो की अख्खी पँट तपासलेली आहे. पुष्कळदा ते प्रमाणपत्र फक्त आतल्या आर्मरचं, म्हणजे गुडघ्या-खुब्याच्या खिशात बसणाऱ्या मार झेलणाऱ्या गादीचं असतं, कापडाचं नाही. पँट उलटी करा आणि आत शिवलेली पट्टी वाचा. तिथे ईएन 17092 आणि पुढे ए, एए असं लिहिलेलं असेल तर पँट तपासलेली. नसेल तर कापडाबद्दल तुमच्याकडे फक्त कंपनीचा शब्द आहे. मग आर्मर खिशातून बाहेर काढून बघा. त्यावर ईएन 1621-1 हे आर्मरचं मानक लिहिलेलं हवं. लेव्हल 1 म्हणजे ठरावीक आघातातून सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे जातो, लेव्हल 2 मध्ये 20 पर्यंतच. के म्हणजे गुडघ्याचा, एच म्हणजे खुब्याचा. ‘टी प्लस’ अशी खूण असेल तर तो आर्मर 40 अंशांतही तपासलेला असतो. मऊ, मार बसला की घट्ट होणारे आर्मर उन्हात आणखी मऊ पडतात, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोल्हापुरात ही बारीक खूण कामाची आहे.

आता तिन्हींची तुलना.

रायडिंग जीन्सचा मोठा गुण म्हणजे ती दिवसभर अंगावर ठेवता येते. शाहूपुरीत दुकान असो की विद्यापीठात नोकरी, कुणी वळून बघणार नाही. हिच्यात दोन जाती. जुन्या पद्धतीच्या जीन्सला आतून पिवळसर अ‍ॅरामिडचं, म्हणजे केव्हलारच्या जातीचं अस्तर असतं. ते कुठपर्यंत आहे हे हात घालून बघा. काहींत फक्त गुडघ्यावर आणि बैठकीवर असतं, काहींत पूर्ण पायभर. दुसऱ्या जातीत मजबूत धागा डेनिममध्येच विणलेला असतो. ती पातळ, कमी उकडणारी आणि अर्थात महाग. केव्हलारचा शोध 1965 मध्ये लागला आणि हा धागा इतकी वर्षं टिकून आहे तो एका गुणामुळे: घासताना तापला तरी तो नायलॉनसारखा वितळत नाही.

जीन्सच्या अडचणी दोन. पहिली गुडघ्याच्या आर्मरची. खुर्चीत आठ तास बसल्यावर तो टोचतो, म्हणून लोक ऑफिसात पोचल्यावर काढून बॅगेत टाकतात आणि संध्याकाळी परत घालायचा कंटाळा करतात. खरा धोका संध्याकाळीच असतो. गाळपाचा हंगाम सुरू झाला की अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो, आणि रस्त्यावर सांडलेल्या कांड्या नि वाडं चाकाखाली येतं. ज्या वेळी आर्मर हवा, नेमका त्याच वेळी तो बॅगेत असतो. दुसरी अडचण पावसाची. भिजलेली रायडिंग जीन्स जुलैत एका रात्रीत वाळत नाही. एकच जोड घेतली असेल तर पावसाळाभर ती कपाटातच राहणार.

जाळीची पँट, म्हणजे मेश, उन्हाळ्यासाठी केलेली आहे. गाडी चालू असली की वारा थेट मांडीला लागतो. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर अडकलात तर मात्र तीही तापते, त्याला इलाज नाही. घेताना जाळी कुठे आहे ते बघा. मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीवर असेल तर ठीक. गुडघा, खुबा आणि बैठक इथे जाड, घट्ट विणीचं कापडच हवं, कारण जाळी जितकी मोकळी तितकी घासणीला कच्ची. आणखी एक जागा तपासा: पोटरीची आतली बाजू, सायलेन्सरच्या अंगाला. नायलॉन आणि पॉलिस्टर गरम सायलेन्सरला टेकलं की वितळून चिकटतं. तिथे चामड्याचा किंवा उष्णता सोसणारा तुकडा शिवलेला असतो, तो नसलेली पँट मी तरी घेणार नाही.

रोजच्या कामासाठी मेशमध्येही ओव्हरपँट बघावी. घोट्यापासून मांडीपर्यंत बाजूने पूर्ण चेन असते, त्यामुळे बूट न काढता ऑफिसच्या पँटीवरून चढवता येते आणि गेटवर पोचल्यावर तशीच उतरवता येते. फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम असेल आणि लॉकर असेल तर याहून सोयीचं काही नाही. आर्मर पँटीतच राहतो, त्यामुळे संध्याकाळी तो विसरण्याचा प्रश्नच येत नाही. महामार्गाच्या सहापदरीकरणाची धूळही ओव्हरपँटवरच बसते. लेगिंग किंवा जीन्सवरून बायकांनाही ती चालते. घेरदार सलवारीवरून मात्र कापड आत गोळा होतं आणि गुडघ्याचा आर्मर जागेवर राहत नाही. बायकांसाठी वेगळ्या बेताची पँट मिळते, तीच घ्या. पुरुषांच्या मापात खुब्याचा आर्मर भलतीकडेच येतो.

पावसाचं म्हणाल तर मेश सरळ भिजते, पण रात्री पंख्याखाली टाकली की सकाळी घालण्याजोगी होते. काही पँटींसोबत आतून लावायचा वॉटरप्रूफ लायनर येतो. दुकानात तो फायद्याचा वाटतो, पण रोजच्या वापरात मला तो निरुपयोगी वाटतो. सर आली की कावळा नाक्यावर उभं राहून पँट काढून लायनर लावणार कसा? वरून घालायची साधी रेन पँट एक माप मोठी घ्या, डिकीत ठेवा, काम झालं.

नी गार्ड हा तिसरा पर्याय. वरून पट्ट्यांनी बांधायचे, गुडघ्याला आणि नडगीला कडक कवच मिळतं. हजार ते तीन हजारांत चांगले मिळतात. मेश पँटीला साधारण पाच ते दहा हजार लागतात आणि जीन्सला बहुधा त्याहून थोडे जास्त, म्हणजे फरक बराच आहे. गुडघ्यावरच्या थेट आघाताला ते खरोखर उपयोगी पडतात. पण खुबा उघडा, मांडी उघडी, आणि घासणीपासून कवचाबाहेर काहीच संरक्षण नाही. पट्टी सैल असेल तर पडल्यावर कवच फिरून पोटरीवर जातं, करकचून बांधली तर गुडघ्यामागे वळ उठतात.

मला विचाराल तर एमआयडीसीला जाणाऱ्याने मेशची ओव्हरपँट घ्यावी. रंकाळा ते स्टँड एवढंच फिरणं असेल आणि कपडे बदलायला जागा नसेल, तर विणीतच मजबूत धागा असलेली जीन्स घ्यावी. रायनॉक्स, व्हायाटेरा, रॉयल एनफील्ड यांची मापं सारखी नाहीत, म्हणून पहिली पँट ऑनलाइन मागवण्यापेक्षा अंगावर घालून घ्या. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. दुकानाबाहेर आपल्या गाडीवर बसा. उभं असताना जागेवर दिसणारा आर्मर बसल्यावर वर किंवा खाली सरकतो. बसलेल्या स्थितीत तो गुडघ्याच्या वाटीवर आणि थोडा नडगीवर यायला हवा. बहुतेक चांगल्या पँटीत आतल्या खिशाला वेल्क्रो असतो, त्याने आर्मर वर-खाली लावता येतो. मुठीने धरून तो बाजूला फिरवून बघा. सहज फिरला तर एक माप लहान मागा. खुब्याचा खिसाही चाचपा. पुष्कळ पँटीत तो रिकामाच असतो, आर्मर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि ते पैसे भावात धरूनच दोन पँटींची तुलना करायला हवी.

आत्ता एवढे पैसे नसतील तर या महिन्यात नी गार्ड घ्या आणि उद्यापासून बांधा. पुढे ओव्हरपँट आली की ते गार्ड घरातल्या दुसऱ्या गाडीच्या हँडलला अडकवून ठेवा, ती चालवणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील.